काकूंचा निळा थेंब

जुन्या मोटारींच्या आतल्या रेक्झिनला रंग देऊन त्यांना पुन्हा तरुण करणारा एक माणूस त्या गल्लीत राहत होता आणि त्याला सगळे दुर्बीण म्हणत. खरं नाव होतंच, पण ते विजेच्या बिलाखेरीज कुणी वापरत नसे. एखादा मालक उन्हाने पार विटलेली सीट दाखवून विचारी, "हिचा मूळ रंग काय असेल हो?" दुर्बीण सीट उचलून तिच्या पोटाखाली बघे, जिथे ऊन कधी पोचलेलं नसतं. तिथे बोट ठेवून मिनिटभर गप्प राही आणि मग निरनिराळ्या डब्यांतून चमच्या-चमच्याने घेऊन असा रंग कालवी, की नवा कुठे संपला आणि जुना कुठे सुरू झाला हे खुद्द मालकालाही सापडू नये. नजरच तशी होती. आणि त्या नजरेचा त्याला जो गर्व होता, तो मात्र मोटारीत मावला नसता.

ही गोष्ट त्याची नव्हे, त्याच्या बायकोची आहे. तिला सगळे काकू म्हणत.

वर्कशॉपमध्ये काकूंचं काम धुण्याचं. ऐकायला सोपं वाटतं, पण निम्मा धंदा त्यातच असतो. जुन्या सीटवर कुणी ना कुणी चकाकी यावी म्हणून तेलकट पॉलिश चोपडलेलं असतं. ते राहिलं की वरचा रंग महिन्याभरात सालासारखा सुटतो. काकू आधी मऊ ब्रशने साबणाचं पाणी फिरवत, मग शिवणीशिवणीतून स्पिरिटचा बोळा नेत, मग दाराच्या चकचकीत पट्ट्यांवर कागद आणि टेप चिकटवून ठेवत. त्यांनी पुसलेल्या सीटवर माशी बसली असती तर घसरून पडली असती. मात्र रंगाच्या डब्यांकडे फिरकायची त्यांना बंदी होती.

"लांब उभी राहा," दुर्बीण म्हणे. "तुझ्या श्वासाने शेड बिघडते."

काकू लांब उभ्या राहत. पण डोळे काही बांधून ठेवलेले नव्हते. इतक्या वर्षांत कोणत्या डब्यातला किती चमचा कुठे पडतो, हे त्यांना न शिकवता येऊन गेलं होतं, जसं शेजारच्या घरातलं भांडण न ऐकता पाठ होतं तसं.

मग दुर्बिणीची नजर बिघडायला लागली. सुरुवात पायमोज्यांपासून झाली. एक पाय निळा, एक काळा. काकूंनी दाखवलं तर म्हणाला, "हल्ली अशीच फॅशन आहे." फॅशनचं आणि त्याचं आयुष्यात कधी पटलं नव्हतं. पुढे एकदा समोरच्या वेल्डरने वाळत घातलेल्या कोटाला त्याने "काय, कसं काय?" असं विचारलं, आणि कोटाने उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर वेल्डरवर रागावून बसला. काकूंनी हसू आवरलं, पण त्या दिवसापासून त्या त्याच्यावर लक्ष ठेवू लागल्या.

त्याच सुमाराला फिकट राखाडी सीटांची एक गाडी आली. दुर्बिणीने डबा कालवला, झाकण तिरकं ठेवलं आणि रोजच्यासारखा जेवून मागच्या खोलीत आडवा झाला. काकूंनी डब्यात डोकावलं. रंग राखाडी नव्हताच. चिखलात लोळून आलेल्या पोत्यासारखा मळकट होता. त्यात निळा कमी पडला होता, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की क्षणभर स्वतःचीच भीती वाटली.

आता काय करावं? सांगावं, तर हा माणूस दिवसभर तोंड फुगवून बसणार. न सांगावं, तर मालक उद्या सीट बघून बोंब मारणार. काकूंनी मागच्या खोलीकडे कान दिला. घोरण्याचा आवाज खणखणीत होता. त्यांनी चमचा उचलला, निळ्याचा एक थेंब सोडला, ढवळलं, रेक्झिनच्या तुकड्यावर बोटभर लावून केस वाळवायच्या मशीनने वाळवलं, कारण ओला रंग नेहमी खोटं बोलतो. मग अजून अर्धा थेंब. मग पांढऱ्याचा नखभर. तुकडा सीटखालच्या मूळ रंगाला लावून बघितला, तर कुठला कोणता ते कळेना. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी डब्याचं झाकण होतं तसं तिरकं ठेवलं, चमचा स्वच्छ धुऊन जागेवर ठेवला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ब्रश घासत बसल्या.

दुर्बीण उठला, रंग फवारायची गन भरली, सीट फवारली. मालकाने येऊन "अहाहा!" केलं. तो गेल्यावर दुर्बिणीने छाती काढून काकूंना ऐकवलं, "बघितलास रंग? काय हात आहे! असा हात दुनियेत शोधून सापडायचा नाही!"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या खाली मान घालून ब्रश घासत राहिल्या.

पुढे तो नेमच झाला. दुपारी दुर्बीण घोरायचा आणि काकू रंग सुधारायच्या. क्रीम हवं तिथे तो पांढरं कालवी, गडद निळं हवं तिथे जवळजवळ काळं. काकू ते रुळावर आणत. खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. त्या डब्यापुढे उभ्या राहिल्या की पाठदुखी आठवत नसे. राग यायचा तो फक्त नंतरच्या फुशारकीचा. ती दिवसेंदिवस वाढतच चालली होती. "या हाताला सोन्याने मढवायला हवं," असं तो एकदा काकूंच्या अगदी तोंडासमोर येऊन म्हणाला, तेव्हा त्यांच्या हातातला ब्रश सोन्याने नाही तरी साबणाने त्याला मढवणार होता.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी रस्ता ओलांडताना दुर्बीण एका भरधाव व्हॅनसमोर सरळ चालत गेला. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला म्हणून वाचला. काकू फुटपाथवरून बघत होत्या. घरी येऊन त्या रडल्या, ओरडल्या, डोळे तपासून घ्या म्हणून हात जोडले.

"माझ्या डोळ्यांना सुरी लावायची?" दुर्बीण म्हणाला. "या डोळ्यांवर घर चालतं. शेडची जाण गेली तर पुढे काय, गल्लीत फुगे विकू?"

"अहो, व्हॅनखाली गेलात तर फुगेसुद्धा विकता यायचे नाहीत!"

"ती व्हॅन राखाडी होती. रस्ताही राखाडी. चूक व्हॅनची."

या माणसाशी सरळ बोलण्यात अर्थ नाही हे काकूंना लग्नापासून ठाऊक होतं. त्यांनी वाकडी वाट धरली. स्वतःच्या चष्म्याचं निमित्त काढून त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तपासणी चालू असताना खिडकीतून अंगणात एक मोठी, गोलसर पाठीची जुनी मोटार दिसली, आणि काकूंच्या डोक्यात चक्रं फिरू लागली.

"ही कुणाची हो?"

"माझ्या बाबांची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी गाडी चालवायला शिकले ती हिच्यावर. आत सगळं आकाशी होतं. आता सीट भिजलेल्या वर्तमानपत्रासारख्या झाल्यात. नवीन कव्हर घालायचा जीव होत नाही."

"कव्हर कशाला घालता? आमच्याकडे आणा. रंग असा करून देतो की बाबांनाही फरक कळणार नाही. फक्त एक करा. रंग बघायला याल तेव्हा आमच्या ह्यांचे डोळेही बघा. आणि तुम्ही डॉक्टर आहात हे आधी सांगू नका. नाहीतर ते मागच्या दाराने पळतील."

"काकू, मी कुणाचे डोळे चोरून तपासत नाही."

"चोरून कशाला? समोर उभं राहून तपासा. मी त्यांना पळू देत नाही म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि फसल्या.

मोटार आली. काकूंनी ती आतून धुऊन लखलखीत केली. या वर्कशॉपची एक जुनी रीत होती: आधी एकच दार आतून रंगवायचं, मालकाला दाखवायचं आणि त्याने मान हलवली की मगच सीटांना हात घालायचा. दुर्बिणीने सीटखालचा मूळ आकाशी बघितला, डबा कालवला, झाकण तिरकं ठेवलं आणि झोपायला गेला. जाताना जरा शीळ घालत गेला, हे काकूंना नंतर आठवलं.

घोरणं सुरू झाल्यावर काकूंनी डब्यात पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. नेहमी निळा कमी पडे, ते समजण्यासारखं होतं. आज त्यात चक्क पिवळा होता. आकाशी कसला, मटारच्या शेंगेच्या आतल्या बाजूसारखा पोपटी रंग झाला होता. डोळे इतके गेले? काकूंचं रडू फुटायच्या बेतात आलं.

हात आपोआप चमच्याकडे गेला. सुधारणं अवघड नव्हतं. पण आज सुधारलं तर डॉक्टरीणबाई येणार, दार सुरेख दिसणार, हा पुन्हा छाती काढणार आणि डोळे तपासायचा विषय निघाला की म्हणणार, हे दार बघा आणि मग माझ्या डोळ्यांना नावं ठेवा. आणि एक दिवस दुसरी व्हॅन येणार. काकूंनी चमचा खाली ठेवला. दार लहान होतं, ताजा रंग स्पिरिटने निघून जातो, नुकसान फारसं नव्हतं. पण ज्या माणसाची अब्रू इतकी वर्षं थेंबाथेंबाने राखली त्याला आज तोंडावर पाडायचं, हे काही सोपं नव्हतं. बोटं नुसती शिवशिवत होती. शेवटी त्या स्वतःचे हात स्वतःच्याच बगलेत दाबून रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

दुर्बीण उठला. गन भरली. दार फवारलं. लांबून बघितलं, जवळून बघितलं, जरा थबकला, आणि म्हणाला, "वा! काय हात आहे!"

काकूंनी मान खाली घातली.

डॉक्टरीणबाई आल्या. दाराकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. पुन्हा दाराकडे बघितलं.

"काका," त्या सावकाश म्हणाल्या, "हा कोणता रंग?"

"आकाशी," दुर्बीण म्हणाला. "तुमच्या सीटखालचाच."

"काका, हा हिरवा आहे."

समोरच्या वेल्डरने नेमकं तेव्हाच मशीन बंद केलं होतं. दुर्बीण रागावेल, भांडेल, उजेडाला दोष देईल, याची काकूंनी तयारी ठेवली होती. पण तो रागावला नाही. तो वळला आणि काकूंना म्हणाला, "तू आज हात नाही लावलास?"

काकूंनी जवळचा बोळा उचलला आणि स्वच्छच असलेलं डब्याचं झाकण पुसायला घेतलं.

"कशाला हात लावायचा?" त्यांनी विचारलं.

"डब्याला. दुपारी. रोज लावतेस तसा."

"तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"पण तुम्ही तर घोरत होता!"

"घोरायला काय, कुणालाही येतं," दुर्बीण म्हणाला. "अगं, तू चमचा धुऊन ठेवतेस. मी आयुष्यात कधी चमचा धुतलाय?"

डॉक्टरीणबाईंनी एक स्टूल ओढलं आणि बसून घेतलं. इतकं चांगलं नाटक उभ्याने बघणं त्यांच्या मनाला पटेना.

काकूंचा आवाज चढला. "म्हणजे मी चोरासारखी धडधडत्या छातीने उभी राहायची आणि तुम्ही आत पडून गंमत बघत होता?"

"गंमत नाही." दुर्बिणीने पहिल्यांदाच खाली बघितलं. "घाबरलो होतो. निळं दिसेनासं झालं होतं मला. कुणाला सांगू? तुझा हात डब्याला लागलेला बघितला आणि जीव भांड्यात पडला. म्हटलं, चाललंय तसं चालू दे."

"आणि आजचा पिवळा? तोही दिसला नाही?"

"तो मुद्दाम घातला."

"मुद्दाम!"

"रोज एकदोन थेंबांत उरकायला लागली होतीस. म्हटलं, आज जरा जड पेपर द्यावा."

काकूंनी हातातला बोळा फेकून मारला. तो चुकवायला दुर्बिणीला दिसायला तर हवा होता. नेमका कानावर बसला.

"अहो, मग दार फवारताना तरी कळलं नाही हिरवं झालंय ते?"

"कळलं जरासं," तो कान पुसत म्हणाला. "पण मला हल्ली सगळंच तसं दिसतं. म्हटलं, तुझ्या हाताखालून गेलंय म्हणजे बरोबरच असणार. माझे डोळे चुकत असतील."

काकूंना एकदम दुसरंच काहीतरी आठवलं. "आणि ती रोजची फुशारकी? काय हात आहे, सोन्याने मढवायला हवा..."

"कुणाच्या हाताबद्दल बोलत होतो मग मी?" दुर्बीण वैतागून म्हणाला. "उघड कसं सांगणार? उघड सांगितलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं."

काकू खाली बसल्या. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींपैकी आधी कोण येणार हे ठरेना. इतके दिवस ज्या बोलण्याने त्या जळत होत्या, ते बोलणं त्यांच्याचसाठी होतं. या माणसाला कौतुकसुद्धा सरळ करता आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई उठल्या, पर्समधली लहानशी बॅटरी काढून दुर्बिणीच्या डोळ्यांवर धरली. "दोन्हीकडे मोतीबिंदू आहे काका. चांगला पिकलाय. इतके दिवस चाललं कसं हेच आश्चर्य."

"तुम्ही रंग बघायला आलात की माझे डोळे?"

"दोन्ही. मी डोळ्यांची डॉक्टर आहे."

दुर्बिणीने काकूंकडे अशी नजर टाकली की ती नीट पोचली असती तर काकू जागच्या जागी भस्म झाल्या असत्या. "कट केलास."

"तुम्ही नव्हता केला?"

तो पुन्हा एकदा कान पुसून हळूच म्हणाला, "आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर मी आहे," काकू म्हणाल्या. "डबा काही अडून राहत नाही. आणि नाही बिघडलं तर..."

तिथे त्या थांबल्या. नाही बिघडलं तर काय, हे त्यांच्या तेव्हाच पहिल्यांदा लक्षात आलं.

ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. धूळ नको, रंगाचा वास नको, फवारा तर अजिबात नको, असा हुकूम होता. म्हणून दुर्बीण काळा चष्मा लावून वर्कशॉपच्या बाहेर खुर्ची टाकून बसे आणि आत काकू डॉक्टरीणबाईंची मोटार रंगवत. दार त्यांनी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी स्पिरिटने पुसून ठेवलं होतं, ते पुन्हा कालवलेल्या आकाशीने केलं. गन त्यांनी कधी हातात धरली नव्हती. दुर्बीण बाहेरून नुसत्या आवाजावरून ओरडे, "जवळ गेलीस! ओघळ येईल! लांब धर, सरळ ने, मध्ये थांबू नकोस!" काकू आतून ओरडत, "डोळ्यांना आराम द्या आणि तोंडालाही!" वेल्डर दोन्ही बाजूंचं ऐकून खूश असे.

या वेळी कालवताना कान मागच्या खोलीकडे ठेवायचा नव्हता. भर दिवसा, दार उघडं टाकून, डबे समोर मांडून काकूंनी रंग केला. अख्खी मोटार केली. शेवटच्या सीटचा कागद सोलताना त्यांना इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट. आता हा येईल. नजर आली, म्हणजे डबाही त्याच्याकडे जाणार. आपणच त्याला दवाखान्यात ओढत नेलं आणि आपल्याच हाताने आपली दुपार घालवली. डोळे बरे झाले याचा आनंद खरा होता, पण त्याच्या शेजारी हे दुःखही होतं आणि काकूंनी ते स्वतःपासून लपवलं नाही. ज्या दिवशी तो आत येणार होता, त्या सकाळी त्यांनी बादली आणि ब्रश आपणहून पुढे काढून ठेवले. त्याने सांगायची वेळ येऊ नये एवढ्याचसाठी.

दुर्बिणीने चष्मा काढला आणि मोटारीत शिरला. पुढची सीट बघितली. मागची बघितली. दारांच्या गाद्यांवरून बोट फिरवलं. उघड्या दारातून ऊन सरळ आत येत होतं आणि ते आकाशी रेक्झिन नुकतंच कापून आणल्यासारखं शांत दिसत होतं. मग गुडघे टेकून शिवणीपाशी नाक लावून बघत बसला.

"बोला काय ते एकदाचं," काकू म्हणाल्या. "निळा जास्त झालाय?"

"गप्प बस जरा." तो अजून बघत होता. "शिवणीच्या कडेला काय घातलंयस?"

"किंचित राखाडी. चुकलं का?"

"का घातलंस ते विचारतोय."

"शिवणीत सावली असते ना," काकू चाचरत म्हणाल्या. "सगळीकडे एकसारखा रंग मारला की सीट खेळण्यातली वाटते. आधीच्या काही गाड्यांतही घातला होता. फवारा तुमचा झाला की नंतर बोळ्याने. तुम्हाला कळलं नाही."

"नाही कळलं."

"तेव्हा शिवणीत हत्ती बसवला असता तरी तुम्हाला कळला नसता."

दुर्बीण हसला नाही. मोटारीतून बाहेर आला, दारापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "चांगले डोळे होते तेव्हाही मला हे कधी सुचलं नव्हतं."

काकूंना वाटलं, आता तो पुढे चेष्टेचं काहीतरी जोडेल. त्याने जोडलं नाही. बाजूला ठेवलेली बादली त्याने पायाने भिंतीकडे सरकवली, स्टूल ओढलं आणि डब्यांच्या समोर बसला. पण चमचा उचलला नाही. चमच्याची बाजू काकूंसाठी मोकळी ठेवली होती.

"दाखव," तो म्हणाला.

काकूंना पुष्कळ बोलायचं होतं. पण अशा वेळी बोललं तर आवाज फुटतो, आणि ते या माणसासमोर त्यांना मुळीच परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी ऍप्रनची गाठ घट्ट केली, त्याच्या बोटांकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "आधी हात धुऊन या."

आणि दुर्बीण निमूटपणे उठून नळाकडे गेला.